कैद्याला आधी चहा

आंतरराष्ट्रीय राजकारण या पेपरात मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा मला युद्धानेच आडवं केलं. बाकीचे धडे मी खडाखडा लिहायचे. पण आधुनिक युद्धाचे प्रकार, त्याची कारणं आणि युद्धाचे कायदे हा गाईडमधला सगळ्यात जाडा धडा, त्यावर हमखास दोन प्रश्न यायचे, आणि तिथे आले की माझी दातखीळ बसायची. घरी भांडायला उभी राहिले तर तासभर मुद्दे संपायचे नाहीत माझे, आणि पेपरात युद्धाची चार कारणं आठवू नयेत म्हणजे काय!

बी.ए.चा हा शेवटचा राहिलेला पेपर. लग्न झालं तेव्हा शिक्षण सुटलं होतं, ते मी पस्तिशीला पोस्टाने पुन्हा धरलं. भाईंदरला नवघरच्या एका मराठी शाळेत मी तेव्हा हंगामी बाई होते, चौथीचा वर्ग. ती चाळीस मुलं आणि त्यांचा तो गोंगाट मला इतका आवडायचा की रविवारी घरात करमायचं नाही. त्या वर्षी मार्चमध्ये मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावरही वरून दबाव होता. म्हणाल्या, "जूनमध्ये मला पदवीचा निकाल दाखवा. नाहीतर वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल." मी हो म्हटलं, बाहेर आले आणि मुलींच्या नळावर तोंड धुण्याच्या निमित्ताने चांगली रडून घेतली.

आमचं घर नवघरलाच, ए विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचन. लालबागहून आलो तेव्हा गॅलरीतून मिठागरं दिसायची, मग हळूहळू समोर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि बी विंगच्या लोकांची वाळत घातलेली गंजीफ्रॉकं दिसायला लागली. घरात मी, नवरा आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. मामंजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बरीच वर्षं उभे राहिले. सातवी शिकलेले. एका लढाईत होते एवढंच घरात माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या सासरी, रत्नागिरीकडे, सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. समोर बसणं तर सोडाच. सासूबाई होत्या तोवर मधलं टपाल त्या पोचवायच्या. त्या गेल्या, नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा, माझी शाळा दुपारची, आणि अख्खी सकाळ घरात मामंजी हॉलमध्ये आणि मी स्वयंपाकघरात, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. मग आम्ही दोघांनी, कोणी न ठरवता, एक रीत काढली. मामंजी हातातल्या पेपराला सांगायचे, "आज चहात साखर कमी पडली." मी कढईला सांगायचे, "डबा संपलाय, येताना आणते." माहेरी ज्या मुलीला सगळे रेडिओ म्हणायचे, ती मी कढईशी बोलत होते! सुरुवातीला चिडचिड व्हायची. मग सवय झाली.

माझा अभ्यास मोठ्याने चालायचा. तव्यावर भाकरी, ओट्यावर गाईड, आणि तोंडाने घोकंपट्टी. त्या सकाळी मी जिनिव्हा करार पाठ करत होते. ते चार आहेत, आणि माझं गाडं दरवर्षी तिथेच रुतायचं. "तिसरा करार नागरिकांच्या संरक्षणाचा, चौथा करार युद्धकैद्यांचा," मी मोठ्याने म्हटलं. दोन्ही परीक्षांत मी हेच लिहून आले होते.

"तिसरा कैद्यांचा," हॉलमधून आवाज आला.

मी दचकलेच. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर मामंजी पेपर वाचत होते, मान खाली. मी गाईड उघडून बघितलं. तिसरा कैद्यांचाच होता. मी तव्याला म्हटलं, "बरोबर आहे." मामंजींनी पेपराचं पान उलटलं आणि पेपरालाच सांगितलं, "जमीन, पाणी, कैदी, घर. फौजेतल्या उस्तादाने घोकून घेतलं होतं."

काय सांगू, दोन वर्षं जे डोक्यात शिरलं नाही ते चार शब्दांत शिरलं! जमिनीवरचे जखमी, समुद्रातले जखमी, मग कैदी, मग घरात बसलेली साधी माणसं. त्या दिवशी माझ्या दोन भाकऱ्या करपल्या आणि मामंजींनी त्या मुकाट खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचा वर्ग सुरू झाला. मी वाचायचे, मामंजी पेपराआडून दुरुस्त करायचे. देशादेशांतलं युद्ध, देशाच्या पोटातलं युद्ध, दुसऱ्याच्या आडून लढलेलं छुपं युद्ध, नुसतंच डोळे वटारून केलेलं शीतयुद्ध, सगळे प्रकार आम्ही पडद्याच्या दोन बाजूंनी हातावेगळे केले. कारणांवर मात्र त्यांचं आणि गाईडचं पटेना. गाईडमध्ये होतं साधनसंपत्ती, सीमा, धर्म, सत्तेची हाव. मामंजी म्हणाले, हे सगळं नंतरचं, आधी भीती. समोरचा आपल्याला मारणार, असं वाटलं की माणूस आधी हात उचलतो. आणखी एक म्हणाले, ते मी गाईडच्या समासात लिहून ठेवलं. लढाई का झाली ते वरचे ठरवतात; कशी लढायची ते ज्याच्या हातात बंदूक त्याच्याकडे असतं.

कैद्यांचं कलम आलं त्या दिवशी हॉलमधून पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. मी दोनदा वाचलं, माणुसकीने वागवावे, नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख याखेरीज काही सांगण्याची सक्ती करू नये. मग मामंजी बोलायला लागले. त्यांच्या ताब्यात तीन दिवस एक पोरगेला कैदी होता. त्याचे बूट कोणीतरी काढून घेतले होते. मामंजींनी तुकडीभर हिंडून ते शोधले आणि त्याला परत आणून दिले. "शस्त्र आपलं. बूट त्याचे," ते म्हणाले. आणि चहा आला की आधी त्याला.

"आधी का?" मी तव्याला विचारलं.

"तो एकटा होता. आम्ही पुष्कळ होतो."

 एवढी वर्षं या माणसाला मी चहा देत होते, आणि हा माणूस मला माहीतच नव्हता. मी गॅस बारीक केला आणि नुसतीच उभी राहिले.

याच सुमाराला आमच्या सोसायटीत युद्ध पेटलं. मी गंमत करत नाही. दोन विंग, खाली एकच टाकी, टँकर दिवसाआड. टँकर आला की अर्धा तास पंप आमच्या विंगचा, अर्धा तास त्यांच्या. एप्रिलमध्ये पाणी पुरेना झालं. आम्हाला वाटायचं बी विंगवाले आमच्या वेळात त्यांचा व्हॉल्व्ह उघडतात, त्यांना वाटायचं आम्ही. मग काय, गाईडमधलं एकेक पान खाली कंपाउंडमध्ये उतरायला लागलं. दोन्ही विंगच्या बायकांनी एकमेकींकडे बघणं टाकलं, हे शीतयुद्ध. दोन्हीकडे एकच भांडीवाली, तिच्या तोंडून टोमणे जायचे-यायचे, हे छुपं युद्ध. आमच्या विंगच्या सेक्रेटरींनी टाकीच्या झाकणाभोवती पाच स्कूटरी लावून ठेवल्या, ही नाकेबंदी. मी तर खुश! रोज जिन्यातून उतरताना माझी उजळणी व्हायची. अर्थात खुश नुसती अभ्यासापुरती, कारण भांडणात मीही मागे नव्हते. बी विंगच्या एका बाईंना मी गॅलरीतून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. रविवार होता, तरी नवरा ड्यूटीवर गेला होता, सकाळचे साडेसात वाजले असतील, टँकर नुकताच गेला होता आणि पंप आमचा चालू होता. खालून आरडाओरडा ऐकू आला, "पकडला, पकडला!" मी गॅलरीत धावले. आमच्या सेक्रेटरींनी बी विंगच्या एका काकांना व्हॉल्व्हवर हात असतानाच धरलं होतं. साठीचे गुजराती गृहस्थ, स्टेशनजवळ त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, एरवी मुंगीलासुद्धा वाट करून देतील असे. सदरा, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, आणि पायात काही नाही, कारण ओढाओढीत चपला टाकीपाशीच राहिल्या होत्या. त्यातली एक कोणीतरी काठीच्या टोकावर धरून नाचवत होतं. आमच्या विंगची वीसेक माणसं भोवती. कोणी म्हणत होतं उठाबशा काढायला लावा, कोणी म्हणत होतं फोटो काढून नोटीस बोर्डावर लावा. सेक्रेटरी त्यांना दटावून विचारत होते, अजून कोण कोण आहे तुमच्यात, नावं सांगा.

मलाही आधी मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागे दार वाजलं. वळून बघितलं तर हॉल रिकामा. मामंजी कधी नव्हे ते बनियनवरच खाली निघाले होते.

ते गर्दीत शिरले तशी माणसं आपोआप बाजूला झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पाठ अशी ताठ! त्यांनी पहिल्यांदा ती काठीवरची चप्पल काढून घेतली, दुसरी टाकीपाशी जाऊन शोधली, आणि दोन्ही काकांच्या पायांपुढे ठेवल्या. वॉचमनची खुर्ची ओढून त्यांना बसवलं. सेक्रेटरी चिडले. "आजोबा, तुम्ही मध्ये पडू नका, चोर आहे हा," म्हणाले.

मामंजी म्हणाले, "चोर नाय, कैदी. कैद्याला कायदा असतो." सेक्रेटरींनी विचारलं, कुठला कायदा, सोसायटीच्या नियमांत असं कुठे लिहिलंय? लोक हसले.  मामंजींनी मान वर केली, सरळ तिसऱ्या मजल्याकडे, सरळ माझ्याकडे.

"सूनबाई, पुस्तक आण. कैद्याचं काय लिहिलंय ते वाच यांना."

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. या तेरा वर्षांत त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही दोन विंगांच्या देखत! मी आत धावले. गाईड घेऊन आले तर पान सापडेना. शेवटी गाईड मिटलं आणि पाठच म्हणायला लागले. युद्धकैद्याला माणुसकीने वागवावे. त्याला मारहाण, धाकदपटशा, अपमान करू नये, त्याला लोकांच्या कुतूहलाचा विषय करू नये. नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख याखेरीज काही सांगण्याची सक्ती करू नये. आवाज आधी चिरकला, मग असा लागला की समोरच्या गॅलरीत बी विंगची उरलीसुरली माणसंही बाहेर आली. शेवटी मी माझ्या पदरचं जोडलं, "आणि चहा आला की आधी कैद्याला! असंच आहे, तिसऱ्या करारात!"

तिसऱ्या करारात असं काहीही नाही. पण पुस्तक माझ्या हातात होतं, आणि खाली कोणी वाचलेलं नव्हतं. मामंजींनी खाली मान घातली. हसत होते, मला वरूनसुद्धा कळलं.

चहा मीच घेऊन गेले. काका अर्धा कप बशीत ओतून प्याले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी एक शब्द विचारत नव्हतं, कायदाच होता तसा. मग ते आपणहूनच बोलायला लागले. म्हणाले, "मेरे घर में ग्यारह पीपे भरे पडे हैं. अब तो कुकर में भी पानी है. नहाने की जगह नहीं बची." सेक्रेटरींनी विचारलं, मग व्हॉल्व्ह कशाला उघडलात? काका खालमानेने म्हणाले, "डर लगता है. आप लोग सब भर लेंगे तो?"

 मामंजींनी आमच्या विंगकडे तोंड केलं आणि शांतपणे विचारलं, इकडे कोणाकडे किती पिंपं भरलेली आहेत? कोणी जमिनीकडे बघतंय, कोणी पंपाकडे. सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले. आणि मग माझं हे तोंड, ते कधी माझं ऐकतं का! मी म्हटलं, "आमच्याकडे चार. शिवाय दोन कळशा, सगळी पातेली आणि इस्त्रीच्या कपड्यांची बादली." झालं, धरणच फुटलं. पहिल्या मजल्यावर नऊ, दुसऱ्यावर सात, आणि सेक्रेटरींच्या घरी, त्यांच्या बायकोनेच वरून ओरडून सांगितलं, पलंगाखालीसुद्धा कॅन. पाणी पुरत नव्हतं कारण ते सगळंच्या सगळं आम्ही एकमेकांच्या भीतीने घरात कोंडून बसलो होतो. आधी एक कोणीतरी फिसकन हसलं, मग कंपाउंडभर हसू उसळलं, काकांना तर ठसका लागला.

आता साठे कमी करायचे हे ठरलं, पण आधी पिंप रिकामं कोण करणार? आम्ही म्हणायचो तुम्ही, ते म्हणायचे तुम्ही. अगदी गाईडमधल्या शस्त्रकपातीच्या वाटाघाटी! शेवटी मामंजी मधोमध उभे राहिले, दोन्ही विंगांना जिन्यांच्या वरच्या पायरीवर पिंपं घेऊन उभं केलं आणि परेडवर द्यावी तशी हाळी दिली. दोन्हीकडून पाणी एकदम सुटलं. दोन वर्षांत न धुतलेले जिने त्या दिवशी धुऊन निघाले. बायका खराटे घेऊन उतरल्या, माणसं पँटी दुमडून, आणि ज्या बाईंना मी गॅलरीतून नको नको ते बोलले होते त्यांनी माझ्यावर अख्खी बादली रिकामी केली. मीही सोडते होय! दुपारपर्यंत नवघरला कोणी विचारलं असतं तर आज होळी आहे असंच सांगितलं असतं कोणीही.

पेपर भाईंदर वेस्टच्या एका कॉलेजात होता. प्रश्न बघितले आणि जीव भांड्यात पडला. जिनिव्हा करारांवर टीप होती. ती मी एका दमात लिहिली. दुसरा मोठा प्रश्न आला तो शस्त्रस्पर्धा ही युद्धाचं कारण ठरते का, सोदाहरण स्पष्ट करा. आणि गाईडमधलं एकही उदाहरण आठवेना. दहा मिनिटं मी पेनचं टोपण चावत बसले. तिसऱ्यांदा इथेच आपटणार, जूनमध्ये माझ्या खुर्चीवर दुसरी बाई बसणार, हेच डोळ्यांपुढे. मग म्हटलं, जे पाहिलंय ते तरी लिहू. अ देश आणि ब देश, दोघांमध्ये एकच जलाशय, आणि दोघांच्या मनात एकमेकांची धास्ती. साडेचार पानं लिहिली. बाहेर आले आणि मग घाम फुटला, कारण तपासणाऱ्याने विचारलं असतं हे कुठले देश, तर मी काय सांगणार होते?

त्यानंतरचा महिना कसा काढला ते माझं मला माहीत. निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. मी एकटीच आणायला गेले. गुणपत्रिका हातात घेऊन रिक्षात बसले तरी ती उघडून नीट बघायचा धीर होईना. खिडकीवरच्या माणसाने पास म्हटलं होतं, पण त्याने चुकून दुसरीचं बघितलं असेल तर? सोसायटीच्या गेटात मामंजी उभे होते. सकाळपासून तिथेच आहेत, वॉचमनने मला नंतर सांगितलं, जेवायलाही वर गेले नव्हते.

"काय झालं आपलं?" त्यांनी विचारलं.

आपलं म्हणाले. मी कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, बोट ठेवून तो आकडा शोधला. अठ्ठावन्न. पास. वर्ग माझा राहिला होता, चाळीसच्या चाळीस मुलं माझी राहिली होती. मी गेटातच रडायला लागले, हसायलाही लागले, आणि मामंजी त्या कागदाकडे कपाळाला आठ्या घालून बघतच होते.

मग म्हणाले, "आणि बेचाळीस कुठे गेले?"

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा आम्ही दोघं हॉलमध्ये प्रश्नपत्रिका मध्ये ठेवून समोरासमोर बसलो होतो, आणि ते बेचाळीस कुठे गेले यावर कडाक्याचं भांडत होतो.